अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले इथे माँटेसरी शाळेत जातात. तिथे कोणते साहित्य हाती घ्यायचे आणि त्यात किती वेळ रमायचे, हे मूल स्वतः ठरवते. हीच पद्धत आदिवासी पाड्यांवर रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांची ही थोडक्यात ओळख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत गेली. पुढे पतीपासून विभक्त झाल्यावर त्यांनी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. गिजुभाई बधेका भावनगरला माँटेसरी पद्धतीचे बालमंदिर चालवतात, हे कळल्यावर मानाची नोकरी सोडून त्या त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ही शाळा शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतीच राहायची का? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या.

तिथे बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही, शाळेलाच बदलले. मुले येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी. माँटेसरीचे महागडे साहित्य परवडण्यासारखे नव्हते, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने, काटक्या हेच साहित्य झाले. मुलांच्या रोजच्या ओळखीच्या या वस्तू. मोजणे, लावणे, जुळवणे ती आपापल्या हातांनी, आपल्या गतीने शिकू लागली.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारल्यांची मुले दिवसभर गुरे राखत, म्हणून कुरणातच शाळा भरली. तिचे नाव कुरणशाळा. मोठ्या बहिणींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आले. बहीण वर्गात, भावंड शेजारीच!

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अनुताईंनी कोसबाडचे काम नेटाने चालवले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

परदेशातल्या मराठी शाळांत मुले टिकत नाहीत, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. अशा वेळी ताराबाईंनी मुलांना रागावण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो, ती कशात रमतात, हे पाहिले असते आणि शाळेची वेळ, जागा आणि साहित्य त्याप्रमाणे बदलले असते.