जोतीराव फुले

जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल, इ.स. १८२७ – २८ नोव्हेंबर, इ.स. १८९०) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, विचारवंत, लेखक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक होते. जातिव्यवस्था हीसुद्धा गुलामगिरीच आहे, अशी मांडणी त्यांनी केली. ते महात्मा फुले या नावाने ओळखले जातात.

== बालपण आणि शिक्षण ==
जोतीरावांचे मूळ आडनाव गोऱ्हे होते. फुलांच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव मिळाले. ते लहान असतानाच आई चिमणाबाई वारल्या. इ.स. १८४० मध्ये त्यांचा विवाह नायगावच्या सावित्रीबाईंशी झाला. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. याच काळात टॉमस पेन यांच्या मानवी हक्कांविषयीच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला.

== शैक्षणिक व सामाजिक कार्य ==
इ.स. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यातील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. समाजाच्या विरोधाच्या दबावामुळे गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घर सोडण्यास सांगितले. तरीही दोघांनी काम थांबवले नाही. पुढे त्यांनी अस्पृश्य मुलांसाठीही शाळा काढल्या. इ.स. १८५२ मध्ये सरकारतर्फे विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला.

इ.स. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. इ.स. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

== गुलामगिरी ==
ब्रिटिश संसदेने इ.स. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. इ.स. १८३३ च्या कायद्याने साम्राज्याच्या बहुतांश भागातील गुलामी रद्द केली. मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. हिंदुस्थानात यासंबंधीचा कायदा इ.स. १८४३ मध्ये झाला. अमेरिकेत यादवी युद्धानंतर, इ.स. १८६५ मध्ये, घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली.

इ.स. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीरावांनी निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांचे उदाहरण समोर ठेवून आपल्या देशबांधवांनी शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी अपेक्षा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून पुराणकथांची चिकित्सा करणारा हा ग्रंथ आहे. कायद्याने गुलाम न ठरवलेला माणूसही धर्म, रूढी आणि अज्ञान यांच्यामुळे गुलाम राहू शकतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय.

== सत्यशोधक समाज आणि अखेरची वर्षे ==
२४ सप्टेंबर, इ.स. १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुरोहिताशिवाय विवाह लावण्याची पद्धत या समाजाने रूढ केली. इ.स. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. इ.स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्यांच्या दारिद्र्याची कारणे मांडली. ११ मे, इ.स. १८८८ रोजी मुंबईतील सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लेखन केले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाले.

== चित्रपट ==
आचार्य अत्रे यांनी इ.स. १९५४ मध्ये 'महात्मा फुले' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. बाबूराव पेंढारकर यांनी जोतीरावांची, तर सुलोचना यांनी सावित्रीबाईंची भूमिका केली. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.