डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आमच्या सोलापुरात मराठीच्या शेजारी तेलगू भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे, आणि शुक्रवार पेठेत दोन्ही भाषांची मुले एकत्र खेळतात. त्या तेलगू भाषेच्या एका थोर सुपुत्राचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. लहान मुलांच्या कर्करोगावर आज जे औषधोपचार होतात, त्यांच्या पायाशी ह्या गृहस्थांचे परिश्रम आहेत.

सुब्बाराव ह्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची गरिबी होती. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. त्यांच्या दोन बंधूंस संग्रहणीने ऐन तारुण्यात ओढून नेले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते खादी वापरीत. ते एका इंग्रज प्राध्यापकांस रुचले नाही, आणि पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाची सनद घेऊन त्यांस बाहेर पडावे लागले.

पुढे सासऱ्यांच्या साह्याने ते अमेरिकेत बॉस्टन येथे गेले. त्यांच्या पश्चात जन्मलेला पुत्र बालपणीच वारला. पित्यास त्याचे मुखही पाहता आले नाही, व स्वदेशाचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही. १९२५ साली त्यांनी फिस्क ह्यांच्यासह रक्तातील फॉस्फरस मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तरीही हार्वर्ड विद्यापीठात त्यांस कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ली ह्या औषधे तयार करणाऱ्या संस्थेत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि ज्या संग्रहणीने त्यांचे बंधू गेले तिच्यावरच ते गुणकारी ठरले.

बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांस ह्या आम्लाच्या जातीचे पदार्थ देऊन पाहिले. रोग हटण्याऐवजी बळावल्यासारखा दिसला. परंतु ह्या अपयशातच वाट दडलेली होती. ज्या अन्नावर रोगपेशी पोसतात, त्याच्यासारखेच दिसणारे पण पोषण न करणारे द्रव्य दिले, तर त्यांची उपासमार होईल. लेडर्लीत असे द्रव्य सिद्ध झाले, ते अमिनॉप्टेरिन. फार्बर ह्यांनी जून १९४८ मध्ये वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात १६ मुलांपैकी १० जणांस उतार पडला होता. तो उतार तात्पुरता होता, परंतु औषधाने हा रोग मागे हटतो हे जगाने पाहिले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच निवर्तले.

अशा औषधांस एक मोठी अडचण आहे. रोगपेशींबरोबर ती अस्थिमज्जाही जाळतात, म्हणून मात्रा वाढवावी कशी, हा प्रश्न पडतो. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांस होतो. तो डोळ्याबाहेर हाडांत व मज्जेत पसरला, म्हणजे साध्या मात्रेने भागत नाही. दुष्काळातही शेतकरी बियाण्याची ज्वारी राखून ठेवतो. त्याचप्रमाणे डॉक्टर त्या मुलाच्याच रक्तातून मूळपेशी काढून गोठवून ठेवतात, मग जबर मात्रा देतात, आणि त्यानंतर त्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. त्या हाडांत जाऊन रुजतात व काही आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात. ह्या उपायाने पूर्वी हाती न लागणारी कित्येक मुले आज वाचतात. मात्र रोग मेंदूत शिरला असता यश अद्याप दुर्मिळ आहे. आपल्या देशात अस्थिमज्जेचे पहिले रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले.

तथापि इतक्या कठीण उपचारांची वेळच न यावी, हे पुष्कळदा पालकांच्या हाती असते. मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, विशेषतः छायाचित्रात एक डोळा पांढरा चमकला, किंवा डोळा नव्याने तिरळा होऊ लागला, तर दृष्ट लागली असे म्हणून घरी बसू नये. विलंब न लावता नेत्रवैद्यास दाखवावे. रोग डोळ्यातच असताना उपचार झाले, तर बहुतेक मुलांचे प्राण वाचतात, व कित्येकांची दृष्टीही टिकते.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, दोनदा नापास झालेल्या एका मुलाने तिसऱ्यांदा पुस्तक उघडले होते.