बॉब मार्ले ज्यांना देव मानायचा, त्या राजाला भर सभेत शिट्ट्या मारून गप्प करायचा प्रयत्न झाला होता

बॉब मार्लेचा टीशर्ट, लांब जटा आणि हिरवा-पिवळा-लाल पट्टा. या सगळ्याला आपण सरसकट 'रास्ता' म्हणून मोकळे होतो. पण हा शब्द आला एका राजाच्या नावावरून. रास म्हणजे सरदार आणि तफारी हे नाव. हेच रास तफारी पुढे इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी झाले. बॉब मार्लेसारखे रास्ताफारी लोक त्यांना देव मानायचे.

इतिहासात मात्र ते वेगळ्या कारणासाठी लक्षात राहिले. एका बलाढ्य देशानं त्यांच्या देशावर हल्ला केला, तेव्हा आंतरराष्ट्रीय कायदा हातात घेऊन ते जगाच्या दारात उभे राहिले होते.

तफारी मकोनेन यांचा जन्म २३ जुलै १८९२ चा, हरारजवळचा. ते तीन वर्षांचे असताना, १८९६ मध्ये, इथिओपियानं अडवाच्या लढाईत इटलीला धूळ चारली. तफारींचे वडील त्या लढाईत सेनापती होते. आफ्रिकेचा बहुतेक भाग युरोपच्या ताब्यात जात असताना इथिओपिया स्वतंत्र राहिला, तो या विजयामुळे. इटलीच्या मनात मात्र हा पराभव सलत राहिला.

१९१६ मध्ये तफारी राज्याचे कारभारी झाले. तलवारीवर मिळालेलं स्वातंत्र्य कायम तलवारीवर टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून १९२३ मध्ये त्यांनी इथिओपियाला राष्ट्रसंघाचा सदस्य केलं. राष्ट्रसंघ म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना. तिच्या करारातलं कलम १० सांगायचं की, प्रत्येक सदस्य देशाच्या सीमा आणि स्वातंत्र्य बाकीच्यांनी जपायचं. कलम १६ नुसार, करार मोडून युद्ध करणाऱ्यावर सगळ्यांनी मिळून निर्बंध लादायचे.

सुरुवातीला हा डाव कामालाही आला. ब्रिटन आणि इटलीनं १९२५ मध्ये इथिओपियात कुणी कुठं हातपाय पसरायचे हे परस्पर ठरवून टाकलं. तफारींनी थेट राष्ट्रसंघाकडे तक्रार केली आणि दोन्ही देशांना सारवासारव करावी लागली. पुढं १९२८ मध्ये इटलीनं इथिओपियाबरोबर २० वर्षांच्या मैत्रीचा करार केला. भांडण झालं तर लवादाकडे जायचं, असं त्यात ठरलं होतं.

२ नोव्हेंबर १९३० ला तफारींचा राज्याभिषेक झाला आणि ते हैले सेलासी झाले.

डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल इथं इटलीच्या आणि इथिओपियाच्या सैनिकांत चकमक झाली. मुसोलिनीला निमित्त मिळालं. हैले सेलासींनी लवाद मागितला, राष्ट्रसंघात दाद मागितली. त्यात महिने गेले आणि तोवर इटलीनं शेजारच्या आपल्या वसाहतींमध्ये फौजा आणून ठेवल्या. ३ ऑक्टोबर १९३५ ला युद्ध जाहीर न करताच या फौजा इथिओपियात घुसल्या.

राष्ट्रसंघानं काही दिवसांतच इटलीला दोषी ठरवलं. सुमारे ५० देश त्या बाजूनं उभे राहिले. निर्बंधही लागले, पण त्यात तेल नव्हतं. रणगाडे, ट्रक, विमानं सगळं तेलावर चालत होतं आणि ते मुसोलिनीला मिळत राहिलं. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांसाठी उघडाच राहिला. कारण ब्रिटन आणि फ्रान्सला जर्मनीच्या विरोधात मुसोलिनी आपल्या बाजूला हवा होता. डिसेंबरमध्ये तर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लावाल यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीला देऊन टाकायची गुप्त योजना आखली. ती पेपरात फुटली आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला.

इकडे इटलीची विमानं मस्टर्ड गॅस टाकत होती. १९२५ च्या जिनिव्हा कराराने विषारी वायूच्या वापरावर बंदी होती आणि इटलीनं त्यावर सही केलेली होती. ३१ मार्च १९३६ ला मायच्यूच्या लढाईत सम्राट स्वतः उतरले, पण हरले. २ मे रोजी त्यांनी राजधानी अदिस अबाबा सोडली आणि ५ मे रोजी तिथं इटलीची फौज शिरली.

३० जून १९३६. जिनिव्हात राष्ट्रसंघाची सभा भरली होती. हैले सेलासी बोलायला उभे राहिले आणि वर बसलेल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारायला, ओरडायला सुरुवात केली. त्यांना बाहेर काढावं लागलं. सम्राट शांत उभे राहिले आणि मग आपल्या अम्हारिक भाषेत बोलले. लोकांवर वायू कसा सोडला गेला ते त्यांनी सांगितलं. प्रश्न एकट्या इथिओपियाचा नाही, प्रत्येक लहान देशाचा आहे, हे त्यांचं म्हणणं होतं. टाळ्या पडल्या. पण त्याच जुलैमध्ये इटलीवरचे निर्बंध उठवले गेले.

पुढची काही वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या बाथ शहरात काढली. १९३८ मध्ये ब्रिटननंही इटलीचा कब्जा मान्य करून टाकला. १९४० मध्ये इटली हिटलरच्या बाजूनं युद्धात उतरली, तेव्हा कुठं ब्रिटनला सम्राटांची आठवण झाली.

आता यात आपलाही एक धागा आहे. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटलीची फौज पाय रोवून बसली होती. तिला हुसकावणाऱ्या सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही लढले. ५ मे १९४१ ला, राजधानी पडल्याच्या बरोबर पाच वर्षांनी, हैले सेलासी अदिस अबाबात परतले.

गोष्ट इथं संपली असती तर ते निव्वळ हिरो ठरले असते. पण तसं झालं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार १९५२ मध्ये इरिट्रिया इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला. त्याची स्वतःची विधानसभा आणि स्वायत्तता राहणार होती. १९६२ मध्ये हैले सेलासींनी ते संघराज्य मोडून इरिट्रियाला आपला प्रांत करून टाकलं. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी आफ्रिकी एकता संघटना त्यांच्याच राजधानीत स्थापन झाली. दुसऱ्या देशात ढवळाढवळ करायची नाही, हे तिच्या सनदेतलं एक मुख्य तत्त्व होतं. इरिट्रियातलं युद्ध १९९१ पर्यंत चाललं.

१९७३ च्या सुमारास वोलो प्रांतात दुष्काळानं लोक मरत होते आणि सरकार ते झाकत होतं. १२ सप्टेंबर १९७४ ला लष्करानं सम्राटांना पायउतार केलं. २७ ऑगस्ट १९७५ ला कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. १९९२ मध्ये त्यांचे अवशेष राजवाड्याच्या आवारात पुरलेले सापडले आणि २००० मध्ये त्यांच्यावर रीतसर अंत्यसंस्कार झाले.

१९३६ मध्ये जिनिव्हात त्यांची बाजू कायद्यानं शंभर टक्के बरोबर होती. गुन्हेगार कोण, हेही ठरलं होतं. कमी पडले ते कायदा राबवणारे, कारण त्यांनी आधी स्वतःचा फायदा-तोटा बघितला. इरिट्रियाच्या वेळी तोच हिशोब हैले सेलासींनी केला. तेव्हाही करार मोडला गेला आणि तेव्हाही जग गप्पच बसलं. शेवटी १९९३ मध्ये इरिट्रियाच्या लोकांनी मतदान करून आपला देश वेगळा केला.