सरखेल कान्होजी आंगरे

पश्चिम किनाऱ्यावरील आपल्या पूर्वजांच्या दाराशी समुद्र होता. परंतु त्या समुद्रावर गलबत लोटावयाचे तर परक्याची परवानगी लागे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाची परवान्याची पद्धत सुरू केली. तो कागद ज्या तांडेलापाशी नसे, त्याचे जहाज मालासकट जप्त होई. पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले, आणि जंजिऱ्याचा सिद्दी मोगल बादशहाच्या बळावर किनाऱ्यावरील गावे लुटू लागला. या स्थितीवर उपाय म्हणून शिवछत्रपतींनी आरमाराचा पाया घातला. त्या पायावर इमारत उभी केली ती कान्होजी आंगरे यांनी.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ; हर्णैजवळच्या आंगरवाडीवरून ते आंगरे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. हर्णैच्या समोर भर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. त्या दुर्गाच्या सावलीत वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटी, वाऱ्याचे कल आणि पाण्यातील खडक यांचे ज्ञान आपोआपच झाले.

संभाजी महाराजांच्या वधानंतर मराठी राज्याची घडी विस्कटली आणि एकामागून एक किल्ले मोगलांच्या हाती जाऊ लागले. सिद्दीचा वेढा सुवर्णदुर्गास पडला असता किल्लेदार फितूर झाल्याचे तरुण कान्होजींच्या ध्यानी आले. त्यांनी त्यास कैद करून किल्ल्याचा कारभार आपल्या हाती घेतला, अशी कथा आंगरे घराण्याच्या परंपरेत सांगतात. वेढा फोडण्यासाठी बाहेर पडले असता ते स्वतः शत्रूच्या हाती सापडले. परंतु पहारा चुकवून निसटले, पोहत किल्ल्यात परतले आणि शत्रू माघारी जाईपर्यंत त्यांनी तो लढविला. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्या मृत्यूनंतर आरमाराचे आधिपत्य व सरखेल ही पदवी त्यांच्याकडे आली. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

कान्होजींचे बळ मोठ्या जहाजांत नव्हते. युरोपियनांच्या युद्धनौकांपुढे त्यांच्या गुराबा लहान आणि गलबते तर त्याहूनही लहान होती. हे उणेपण ओळखूनच त्यांनी आपली युद्धनीती बसविली. गुराबेच्या पुढील भागी तोफा समोर रोखलेल्या असत. वारा पडला म्हणजे शत्रूचे अवजड जहाज जागीच खिळून राही. त्या वेळी वल्ह्यांनी चालणारी गलबते गुराबांस ओढीत त्याच्या पिछाडीस नेत, कारण तेथे शत्रूच्या तोफा थोड्या असत. डोलकाठ्या व शिडे निकामी झाली की चहूंकडून माणसे जहाजावर चढत. बाजू अंगावर आली तर हीच हलकी तारवे उथळ खाड्यांत शिरत, आणि तेथे मोठ्या जहाजास त्यांचा पाठलाग करता येत नसे. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी व मुसलमान दर्यावर्दी या आरमारात एकत्र नांदत. कान्होजी स्वतःचे परवाने देऊ लागले, आणि ते न घेणाऱ्यांची जहाजे धरू लागले. पोर्तुगीज दोन शतके जे करीत आले होते, तेच कान्होजींनी केले. तरीही इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले.

शाहू महाराज व ताराबाई यांच्या कलहात आरंभी ते ताराबाईंच्या पक्षास होते. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी लोहगडावर कैदेत ठेवले. नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथांनी शस्त्राऐवजी सामोपचाराचा मार्ग धरला. कान्होजी शाहूंस येऊन मिळाले. सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. घरचा कलह मिटला, आणि पुढील दिव्यात हाच समेट उपयोगी पडला.

मुंबईचा नवा गव्हर्नर चार्ल्स बून याने आंगऱ्यांचा नाश करण्याचा चंगच बांधला होता. १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली तरंगता तोफखाना घेऊन पुन्हा विजयदुर्गावर इंग्रज चालून गेले; तिन्ही वेळा ते हात हलवीत परतले. तेव्हा इंग्रज व पोर्तुगीज या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी हातमिळवणी केली. इंग्लंडच्या राजाची चार युद्धजहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, गोव्याहून खुद्द व्हिसरेइ आला, आणि डिसेंबर १७२१ मध्ये सुमारे सहा हजार फौज कुलाब्यासमोर उतरली. अशा वेळी कान्होजी एकटे पडले नाहीत. शाहूंच्या आज्ञेने पिलाजी जाधवांचे घोडदळ आले, पाठोपाठ पेशवे बाजीराव आले. मराठी स्वारांच्या हल्ल्याने पोर्तुगीजांची फळी मोडली, मॅथ्यूज भाल्याने जखमी झाला, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून मराठ्यांशी तह केला. १७२४ साली डचांनीही विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला. त्यांनाही यश आले नाही.

चिपळूणजवळील परशुरामक्षेत्रीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी आंगरे घराण्याचा निकटचा संबंध होता. १७२७ च्या महाशिवरात्रीस सिद्दी सात याने ते देवस्थान उद्ध्वस्त केले. स्वामींच्या हत्तीवरून सिद्दी व आंगरे यांच्यात उद्भवलेला तंटा यास निमित्त झाला होता. उद्विग्न झालेले स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस गेले. तीन युरोपीय सत्तांना दाद न देणाऱ्या सरखेलांनाही शेजारच्या वैऱ्यापासून एका देवस्थानाचे रक्षण करता आले नाही, हेही त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून सांगितले पाहिजे.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. पुत्र सेखोजींनी घडी सांभाळली. पण १७३३ साली ते वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत दौलतीची वाटणी होऊन वैर माजले. पुढे तुळाजी आंगरे व नानासाहेब पेशवे यांचे बिनसले, आणि पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातील आंगऱ्यांचे आरमार जळून खाक झाले. कान्होजींच्या मृत्यूस तेव्हा सत्तावीस वर्षेही पुरती झाली नव्हती.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळास आंग्रे हे नाव देऊन या पुरुषाचे ऋण मान्य केले आहे. १७२१ साली घरचे एक होते, म्हणून दोन युरोपीय सत्ता मिळूनही कुलाबा घेऊ शकल्या नाहीत. १७५६ साली घर दुभंगले होते, म्हणून विजयदुर्ग पडला. लहान तारवांनिशी तीस वर्षे समुद्र राखणाऱ्या सरखेलांचे स्मरण करताना ही दोन साले एकत्र आठवावीत, म्हणजे त्यांच्या पराक्रमाचे मोल व तो टिकविण्याची अट ही दोन्ही ध्यानी राहतील.