बाजारातल्या बायांची मास्तरीणबाई : फनमिलायो रॅन्सम-कुटी

शिक्षण घेतलेल्या माणसाने शिक्षणाचे काय करावे, हा प्रश्न आपल्या सभांमधून वारंवार निघतो. कोणी नोकरी धरतो, कोणी बंगला बांधतो, आणि ज्या वस्तीतून आपण आलो तिकडे पुन्हा पाऊल टाकत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही दूरच्या एका देशातील एका शिक्षिकेचे जीवन ठेवीत आहोत. देश नायजेरिया, गाव अबेओकुटा. बाईंचे नाव फनमिलायो रॅन्सम-कुटी.

अबेओकुटा म्हणजे खडकाखालचे गाव. लढायांतून आणि गुलाम पकडणाऱ्यांच्या तावडीतून जीव वाचवून आलेल्या एग्बा लोकांनी 1830 च्या सुमारास ओलुमो नावाच्या मोठ्या खडकाच्या आसऱ्याने ते वसविले. 25 ऑक्टोबर 1900 रोजी याच गावी फनमिलायोबाईंचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे घराणे गुलामगिरीतून सुटून सिएरा लिओनमार्गे आपल्या मूळ गावी परतलेल्यांपैकी होते. विकले गेलेल्या माणसांची ही नात-पणती, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा तिचा ताठा कुठून आला ते समजते.

अबेओकुटा ग्रामर स्कूल ही मुलांची शाळा. 1914 मध्ये तिथे ज्या पहिल्या मुली दाखल झाल्या त्यांत त्या होत्या. पुढे 1919 साली आईवडिलांनी त्यांना इंग्लंडला शिकायला धाडले. बाप्तिस्म्याची फ्रान्सिस अबिगेल ही नावे घेऊन त्या बोटीत बसल्या आणि 1922 मध्ये परतल्या त्या नुसत्या फनमिलायो म्हणून! गोऱ्यांच्या देशात राहून आपलेच नाव त्यांना अधिक जवळचे झाले. परत आल्यावर त्या मुलींना शिकवू लागल्या. 1925 मध्ये इस्रायल रॅन्सम-कुटी या शिक्षकाशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थही मोठे. नायजेरियातील शिक्षक संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे आणि पुढे ते अबेओकुटा ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक झाले. डोलुपो ही मुलगी आणि ओलिकोये, फेला, बेको हे तीन मुलगे, असा त्यांचा संसार. घरात शिस्त कडक होती. मुलगा म्हणून लाड नाही की मुलगी म्हणून वेगळे काम नाही.

बाईंनी लहान मुलांसाठी बालवर्ग काढले आणि गावातील शिकलेल्या स्त्रियांचे एक मंडळ चालविले. खरे सांगायचे तर हे मंडळ तसे सुखवस्तू बायकांचेच होते. शिवणकाम, पाककृती, शिष्टाचार यांतच त्यांचा वेळ जायचा. असली मंडळे आपणही पुष्कळ पाहिली आहेत.

पण 1944 मध्ये बाजारात माल विकणाऱ्या एका बाईने वाचायला शिकण्याची इच्छा धरली आणि सगळे चित्र पालटले. फनमिलायोबाईंनी या बायांसाठी अक्षरवर्ग सुरू केले. दिवसभर तांदूळ, कापड, पामतेल विकून दमलेल्या बाया संध्याकाळी पाटी घेऊन बसू लागल्या. आता अक्षर गिरवताना माणूस गप्प थोडाच बसतो? बाया आपली दुःखे सांगू लागल्या. महायुद्धाचे दिवस होते. सरकारी माणसे त्यांचा तांदूळ बाजारभावापेक्षा कमी दराने उचलून न्यायची, कधी जप्तच करायची. शिवाय कर! अबेओकुट्यात 1918 पासून स्त्रियांवर वेगळा कर होता. मुलगा सोळा वर्षांचा झाल्यावर कर द्यायचा, मुलीला मात्र पंधराव्या वर्षीच! मुलगी पंधराची झाली की नाही हे ठरविण्यासाठी वसुली करणारे तिची वस्त्रे उतरवून पाहायचे. हे लिहिताना आमचाही हात थबकला. आणि एवढा कर देऊन कारभारात बाईला जागा किती, तर एकही नाही.

शिकवायला बसलेली बाई इथे स्वतःच शिकली, असे आम्हास वाटते. इंग्रजी पोशाख त्यांनी टाकला आणि बाजारातल्या बाया नेसायच्या तसे योरुबा वस्त्र त्या नेसू लागल्या. सभेत बोलायचे तेही योरुबातच. गोऱ्या साहेबाला समजत नसेल तर त्याने दुभाषा आणावा! 1946 मध्ये मंडळाचे नाव बदलून अबेओकुटा महिला संघ झाले. शिकलेली आणि अडाणी, दुकानवाली आणि डोक्यावर टोपली घेणारी, सगळ्या त्यात आल्या. सभासद वीस हजार असल्याचे संघाचे सांगणे होते.

इंग्रजांचा कारभार तिथे आडून चाले. गादीवर बसलेला स्थानिक राजा, त्याला अलाके म्हणत, तोच कर वसूल करायचा. त्या वेळी गादीवर दुसरा अदेमोला होता. शिव्या राजाला बसत आणि सत्ता मात्र साहेबाच्या हाती राहत असे. संघाने आधी अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, हिशेबतपासनीस नेमून राजाच्या कारभाराचे हिशेब तपासून घेतले. उपयोग शून्य. मग 1947 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दहा हजारांवर बाया राजवाड्यासमोर येऊन बसल्या. मोर्चाला परवानगी मिळत नसे, म्हणून बाई त्याला सहल म्हणायच्या. सहलीला कुठे परवानगी लागते? अश्रुधुराचे नळकांडे आले तर काय करायचे याची तालीमही त्यांनी बायांकडून करून घेतली होती. राजाच्या नावाने गाणी रचली गेली, रात्ररात्र बाया हलल्या नाहीत.

पुढे 1986 मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे लेखक वोले सोयिंका त्या वेळी तिथलेच एक शाळकरी पोर होते, नात्यातलेही होते. आपल्या बालपणाच्या पुस्तकात त्यांनी हे दिवस रंगवले आहेत. एका गोऱ्या अधिकाऱ्याने बाईंना आपल्या बायांची तोंडे बंद करायला फर्मावले, तेव्हा बाईंनी त्याच्या आईने त्याला दिलेल्या वळणाचीच चौकशी केली, हा प्रसंग त्यात वाचायला मिळतो.

1948 मध्ये बायांवरचा कर स्थगित झाला. 3 जानेवारी 1949 रोजी अलाकेने गादी सोडली आणि तो गावाबाहेर गेला. नव्या कारभारी मंडळात स्त्रियांना जागा मिळाल्या. इतिहास लिहिणारे बहुधा इथेच थांबतात. पण 1950 च्या अखेरीस तोच राजा परत गादीवर आला, हेही सांगितले पाहिजे. लढा एकदा जिंकला की संपला, असे कधी होत नसते.

दरम्यान 1947 मध्येच स्वातंत्र्याच्या मागणीसाठी अझिकिवे यांच्या पक्षाचे शिष्टमंडळ लंडनला गेले. त्यात या एकट्या स्त्री होत्या. इंग्रजी राज्य येण्याआधी आमच्या बायकांना शेतीत, व्यापारात, कारभारात जी जागा होती ती या राज्याने हिरावली, असे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात लिहिले. गावी परतल्यावर काही शिकलेल्या मंडळींना हे झोंबले. 1949 मध्ये त्यांनी देशभरच्या स्त्रियांसाठी संघ काढला. उत्तरेतल्या मुस्लिम भगिनींना मताचा अधिकार मिळावा यासाठी त्या झटल्या. चीन, रशिया असा प्रवास केला, म्हणून त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसला. सरकारने पासपोर्टचे नूतनीकरण नाकारले, अमेरिकेने व्हिसा नाकारला. 1955 मध्ये पती गेले. 1959 मध्ये स्वतःच्याच पक्षाने उमेदवारी दिली नाही. त्या अपक्ष उभ्या राहिल्या व पडल्या. 1 ऑक्टोबर 1960 रोजी देश स्वतंत्र झाला, पण ज्यांनी बाया रस्त्यावर आणल्या त्यांना राज्यकारभारात जागा मिळाली नाही. स्वातंत्र्याचे हे एक देणे अजून बाकीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मानसन्मान मात्र मिळाले. 1968 मध्ये इबादान विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, 1970 मध्ये लेनिन शांतता पुरस्कार आला.

आज जगात त्यांची ओळख फेला या गायकाची आई अशी करून देतात. आम्हास हे उलटे वाटते. फेला हा त्यांचा मुलगा होता म्हणून तसा झाला! ओलिकोये पुढे देशाचे आरोग्यमंत्री झाले, बेको डॉक्टर आणि मानवी हक्कांचे लढवय्ये झाले, आणि फेलाने गाण्यांतून लष्करशाहीची लक्तरे टांगली. आफ्रिकी आडनाव म्हणून मायलेकांनी रॅन्सम टाकून अनिकुलापो हे नाव लावले. 18 फेब्रुवारी 1977 रोजी सुमारे हजार सैनिक लागोसमधील फेलाच्या घरात घुसले. मारझोड केली, घर जाळले आणि शहात्तर वर्षांच्या या मातेला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. त्या जखमांतून त्या उठल्याच नाहीत. 13 एप्रिल 1978 रोजी त्यांचा अंत झाला. सरकारी चौकशीने हे कृत्य एका अज्ञात सैनिकाचे ठरविले. हजार सैनिकांतला एक अज्ञात!

अबेओकुट्यात त्यांना मूठमाती दिली त्या दिवशी बायांनी बाजार बंद ठेवला. उत्तर नायजेरियातील स्त्रियांना मताचा अधिकार 1976 मध्ये मिळाला होता. त्यांनी पहिले मतदान केले ते 1979 मध्ये, बाईंच्या निधनानंतरच्या वर्षी.