आधी स्वतःला नियम, मग वर्गाला

शाळेच्या शिस्तीचा विचार करताना आम्हाला संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचे स्मरण होते. फ्रान्समधील रँस येथे ३० एप्रिल १६५१ रोजी एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गरीब मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांना ते परमेश्वरावर भिस्त ठेवण्याचा उपदेश करीत. त्यावर शिक्षकांनी त्यांच्याच श्रीमंतीकडे बोट दाखविले. ते बोल त्यांच्या जिव्हारी लागले. १६८३ साली त्यांनी कॅथेड्रलमधील मानाचे पद सोडले व दुष्काळात आपली संपत्ती गोरगरिबांच्या मुखी घातली.

त्यांनी स्वतःसाठी नियम लिहून काढले. रोजचे कर्तव्य आणि आत्म्याचे तारण यांत भेद करायचा नाही, हा त्यांतील गाभा. वर्गाचे नियम मात्र त्यांनी अनुभवी शिक्षकांशी विचारविनिमय करून ठरविले. वाचन लॅटिनऐवजी आधी फ्रेंचमधून शिकवावे, शिक्षकाने कमी बोलून खुणेने वर्ग सांभाळावा, शिक्षा क्वचितच करावी आणि विद्यार्थ्यांकडून काहीही स्वीकारू नये, असे ते नियम होते.

७ एप्रिल १७१९ रोजी, शुभ शुक्रवारी, रूआँ येथे त्यांनी देह ठेवला. १९०० साली त्यांना संतपद मिळाले, तर १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित केले.

मुलांसाठी नियम करणाऱ्या आपण पालक-शिक्षकांनी त्यांतला पहिला नियम स्वतःला लावून पाहावा, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.