विश्लेषण : गाडगेबाबांच्या ठिगळांच्या अंगरख्याला माप का नव्हते?

वजन पाच-सात किलो वाढले की पुरुषाला शिंपी आठवतो. पँटच्या मागच्या शिवणीत माया सोडलेली असेल तर ती उसवून कंबर सैल करता येते. वजन उतरले तर तीच शिवण आत घेतात. शर्टात एवढी माया क्वचितच असते. खांदाच बसेना झाला की शिंपी नवा शिवायला सांगतो. लग्नातला कोट तर कधीतरी पुन्हा बसेल या आशेवरच कपाटात लटकत असतो. वऱ्हाडातल्या एका माणसाने हा सगळा प्रश्न ५१ वर्षे स्वतःपुरता निकालात काढला होता.

परिटाच्या घरातला मुलगा

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट समाजात झाला. लोकांचे कपडे धुणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. दारूपायी वडील लवकर गेले आणि आईने मुलाला मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आणले. मामांकडे डेबूजी गुरे राखत, शेतात राबत मोठे झाले. सावकारी पाशात ती शेतीही गेली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, तिशीच्या उंबरठ्यावर, पत्नी-मुलांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

वेश नेमका कसा होता?

अंगावर चिंध्या जोडून केलेला सैल अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, एका पायात चप्पल तर दुसऱ्यात बूट. हाती खराटा आणि मातीचे गाडगे. लोकांनी नावेही या वेशावरूनच पाडली : गाडगेबाबा, गोधडे महाराज, चिंधेबुवा. शिवलेला सदरा एका अंगासाठी, त्या अंगाच्या एका वयासाठी बेतलेला असतो. चिंध्यांच्या वस्त्राला छाती-कंबरेचे गणितच नसते. फाटेल तिथे ठिगळ लावायचे. राबणाऱ्या तरुणाचे शरीर ऐंशीच्या घरात जाताना कितीही बदलले तरी त्यात काही उसवायचे नव्हते की आवळायचे नव्हते.

अर्थात हा वेश केवळ सोयीचा नव्हता. कपडे पाहून माणसाला पंगतीत बसवणारे किंवा उठवणारे गाव या माणसासमोर गोंधळून जाई. तोच दिवसभर गावाचे रस्ते झाडी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. कर्ज काढून लग्ने करू नका, दारू सोडा, मुलांना शिकवा, हे चिंध्या नेसलेल्याने सांगितले की ऐकणाऱ्याला पळवाट उरत नसे.

पैसा कुठे गेला?

हा मुद्दा वेशापेक्षा मोठा आहे. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, नाशिकला धर्मशाळा, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा, असे काम लोकवर्गणीतून उभे राहिले. ऋणमोचनच्या यात्रेत अंध-अपंगांना अन्नाबरोबर कपडेही वाटले जात. स्वतःच्या अंगावर मात्र ठिगळेच राहिली. घरच्यांनाही या पैशापासून त्यांनी दूर ठेवले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांचे निधन झाले. समाधी अमरावतीत आहे. तिथल्या विद्यापीठाच्या नावातही आज तेच गाडगे आहे.